पाठीची सुलटी बाजू

काकूंना माणसं खांद्यांवरून लक्षात राहत. चेहरा विसरतील, आडनाव तर हमखास विसरतील. पण ‘तो हो, एक खांदा उतरलेला’ म्हटलं की अख्खा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राही. त्याची घाई, त्याचं सुटत चाललेलं पोट, कॉलर आतून मळवायची त्याची खोड, सगळ्यासकट. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, घड्याळवाल्याच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं शिवणाचं दुकान होतं. पाटीवर नाव मास्तरांचं. मास्तर म्हणजे काकूंचे यजमान. शाळेतले मास्तर नव्हेत, टेलर मास्तर. गिऱ्हाइकांशी गप्पा मास्तरांच्या, टेप मास्तरांच्या गळ्यात, मशीनवर बैठकही मास्तरांचीच. कापड बेतायचं काम मात्र काकूंचं. फार वर्षांपूर्वी मास्तरांची मान धरली होती, तेव्हा ‘चार दिवस तू बेत’ म्हणून त्यांनी कात्री बायकोच्या हाती दिली. ते चार दिवस काही संपले नाहीत.

बेतायला उभं राहावं लागतं. टेबल कमरेइतकं उंच, कापड अंगापेक्षा लांब. वाकायचं, खडू ओढायचा, सरळ व्हायचं, टेबलाला वळसा घालून पलीकडून पुन्हा वाकायचं. दुपार कलली की काकूंच्या पोटऱ्यांत गोळे येत. घरी जाऊन पाय उशीवर ठेवले, की निळ्या शिरा आतून कुणी दोरा भरून ओढल्यासारख्या वर आलेल्या दिसत. दुकानाचं शटर ओढताना त्या रोज म्हणत, "दमले बाई." रोज म्हटल्यामुळे ते शटरच्या आवाजातच जमा झालं होतं. मास्तरांच्या कानांवर पडे, पण आत काही जात नसे.

दुकान आता बंद करावं, असं काकूंच्या मनात येऊन बरेच दिवस झाले होते. पोटापाण्याची काळजी उरली नव्हती. लेक मार्गी लागली होती आणि दोन गल्ल्या सोडून राहत होती. शाळांच्या गणवेशांचा हंगाम जवळ आला की काकूंना धडकी भरे. दोनदा त्यांनी विषय काढून पाहिला. दोन्ही वेळा मास्तर म्हणाले, "बघू."

मास्तरांचं ‘बघू’ हा फार खोल खिसा होता. त्यात गेलेली वस्तू पुन्हा कुणाच्या हाताला लागलेली नव्हती. घराला रंग देणं, बाथरूमचं न लागणारं दार, एकदा समुद्र बघून येणं, सगळं त्यात पडलेलं होतं. माणूस वाईट नव्हता हो. उलट लाघवी होता. पण दुकान म्हणजे त्यांची बैठक होती. तिथे चार लोक येत, ‘मास्तर, मास्तर’ करत, आणि मशीनवर बसून पाय हलवता हलवता त्यांचा दिवस सरून जाई. टेबलापाशी उभं असलेल्या माणसाचा दिवस वेगळा असतो, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

अशात मास्तरांच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मागे, चरबीच्या दोन गाठी वाढल्या. दुखत नव्हत्या, पण सदरा घासून लाल होत. घड्याळवाला म्हणे, "मास्तर, पंख फुटायला लागले वाटतं. उडून जायच्या आधी माझी पॅन्ट तेवढी देऊन जा." शेवटी लेकीनं हट्टानं दवाखान्यात नेलं; काकूही बरोबर होत्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हात हलका होता. तेवढी जागा बधिर करून त्यांनी दोन्ही गाठी काढल्या आणि टाके घातले. उठून बसल्याबरोबर मास्तरांनी आरसा मागितला. एक पुढे, एक मागे, असे दोन आरसे धरून त्यांनी टाके न्याहाळले.

"टाका जरा लांब पडलाय," ते म्हणाले. "पण ओळ सरळ आहे हं."

"आतून अस्तरही लावलंय काका, ते दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी एक डबी पुढे केली. "रोज दोन वेळा जखम धुवायची, हलक्या हातानं टिपायची, वर ही लावायची आणि पट्टीनं झाकून टाकायची."

मास्तरांनी डबी उघडून वास घेतला. "ही तर थंडीत ओठांना लावतात."

"तीच. साधी पेट्रोलियम जेली."

"यात औषध काय?"

"काही नाही. जखम स्वच्छ आहे, पू नाही. तिला ओलावा हवा आणि वर झाकण. भरायचं काम तुमची कातडी करते."

मास्तरांना ते पटेना. पैसे मोजून डॉक्टरांकडे यायचं आणि औषध नसलेलं औषध घेऊन जायचं? त्यांनी खिशातून चेपलेली एक ट्यूब काढली. दुकानात ती कायम असे. बोटात सुई गेली की तेच पिवळसर मलम. "माझं आयुष्य गेलं यावर. कधी एक बोट पिकलं नाही."

"यानंही भरेल. स्वच्छ जखमेला फरक काही पडत नाही. उलट काहींना याचं पुरळ उठतं."

"मला नाही उठायचं."

बाहेर बाकावर माणसं ताटकळत होती. डॉक्टरीणबाईंनी कपाळावरचे केस मनगटानं मागे सारले. "बरं. जखमा दोन आहेत, वाद मिटवून टाका. डावीकडे तुमचं मलम, उजवीकडे माझी जेली. टाके काढायला याल तेव्हा ठरवू कोण जिंकलं ते."

मास्तर जिंकल्यासारखेच बाहेर पडले. लेक तिथूनच कामावर गेली आणि बसथांब्यावर काकूंना टेकायला एक खांब मिळाला. पाठ टेकून त्या उभ्या होत्या आणि समोरून जाणाऱ्या गाड्या बघत होत्या. काय मनात आलं कोण जाणे, त्या म्हणाल्या, "मग दुकानाचंही त्यावरच ठरवू."

"कशावर?"

"तुमच्या खांद्यांवर. डावा नीट भरला तर तुमचं खरं, मी पुन्हा विषय काढणार नाही. उजवा नीट भरला तर दुकान बंद. गणवेशाचं कापड घ्यायचं नाही."

मास्तरांनी वळून बघितलं. "माझ्या पाठीवर जुगार खेळतेस?"

"तोंडापुढे बोलून झालं. आता पाठीवर बघते."

मास्तर मोठ्यानं हसले आणि टाके ओढले गेल्यावर कळवळले. "कबूल," ते म्हणाले. त्यांचा ट्यूबवर विश्वास होता. काकूंचा जेलीवर काही विश्वास वगैरे नव्हता. फरक पडत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. म्हणजे निम्मी आशा होती. ‘बघू’मध्ये तेवढीही नव्हती.

टाके ओले असेपर्यंत मास्तरांनी घरी बसायचं होतं. सकाळी दुकानात जायच्या आधी काकूंनी मलमपट्टी करायची आणि काकूंना यायला उशीर होतो म्हणून संध्याकाळची लेकीनं, कामावरून परतताना. काकूंनी तिला बजावून ठेवलं, "डावीकडे बाबांची ट्यूब, उजवीकडे डबी. उलटसुलट करू नकोस, नाहीतर तुझे बाबा माझ्या नावानं ओरडत बसतील."

"आई, मला डावं-उजवं कळतं गं. मोठी झालेय मी."

"मोठी झालीस म्हणूनच सांगतेय. लहान होतीस तेव्हा ऐकायचीस."

ते दिवस काकूंना जड गेले. माप त्यांनीच घ्यायचं, बेतायचं त्यांनीच आणि मग मशीनवर बसायचंही त्यांनीच. गिऱ्हाइकं आत डोकावून म्हणत, "मास्तर नाहीत? मग मागाहून येतो." घड्याळवाला भिंतीपलीकडून ओरडे, "काकू, दोन माणसांचं काम एकटीनं करताय, मास्तरांना आता घरीच ठेवा, भाजी निवडायला!" काकू तोंडात टाचण्या धरून नुसतं ‘हूं’ म्हणत. हसायला टाचण्या काढाव्या लागल्या असत्या.

सकाळी मास्तर खाटेच्या कडेवर, खिडकीकडे तोंड करून, उघड्या अंगानं बसत. काकू मागे उभ्या राहत. पाणी, कापूस, ट्यूब, डबी, पट्टी. हात चालत आणि डोकं कधीच दुकानात पोचलेलं असे. त्या चौकड्याच्या कापडाच्या चौकटी जुळायला हव्यात. त्या जाड माणसाच्या बाहीला कापड पुरतंय की नाही. मास्तर काहीबाही बोलत, त्या ‘हो’ म्हणत. मात्र जेली लावताना त्या भानावर येत आणि बोटभर जास्तच लावत. डबी संपली तर दुसरी आणू, असा विचार करत. मास्तरही काही कमी नव्हते. संध्याकाळी लेकीला सांगत, "डावीकडे जरा सढळ हातानं लाव गं. कंजूषपणा तुझ्या आईकडून आलाय तुझ्यात."

काही दिवसांनी मास्तर पाठ दाराच्या चौकटीला घासू लागले.

"खाजतंय?" काकूंनी विचारलं.

"खाजणारच. खाजलं म्हणजे भरतंय."

"कुठला?"

"दोन्ही," मास्तर जरा नाराजीनं म्हणाले.

काकूंनी पट्ट्या काढून पाहिलं. दोन्ही टाक्यांच्या भोवती कातडी लाल झाली होती आणि बारीक पुरळ आलं होतं. डावीकडे जेवढं, उजवीकडे तेवढंच. आपल्या बाजूलाही कसं आलं? जेलीत तर काही नाही म्हणाल्या होत्या. मास्तरांच्याही बाजूला पुरळ होतंच, त्यामुळे त्या दिवशी दोघांनीही पैजेचं नाव काढलं नाही.

टाके काढायच्या दिवशी लेकीनं अर्धी रजा टाकली. तिघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी टाके काढले, जखमा बोटानं दाबून पाहिल्या, मान हलवली. "भरल्यात छान. दोन्ही. पण हे पुरळ... काका, तुमचं मलम फक्त डावीकडेच लावत होता ना?"

"मी संध्याकाळी डावीकडेच लावलं," लेक म्हणाली.

"मी सकाळी डावीकडेच," काकू म्हणाल्या.

"रोज?"

"रोज," दोघी म्हणाल्या.

"दाखवा बरं, डावी म्हणजे कुठली?"

मास्तर पाठ करून बसले होते. त्यांच्या मागे मायलेकी उभ्या होत्या. दोघींनी एकदमच बोट केलं. लेकीचं बोट एका खांद्यावर टेकलं, काकूंचं दुसऱ्यावर.

डॉक्टरीणबाईंनी एका बोटाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. "काकू, ही काकांची उजवी बाजू आहे."

काकूंनी आपलं बोट तसंच ठेवलं. मग हळूच काढून घेतलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "बेतताना..." त्या म्हणाल्या आणि हवेत हातानं एक चौकोन काढला. "बेतताना कापड उलटं पसरतात. खडूच्या खुणा आतल्या बाजूला जाव्यात म्हणून. सदऱ्याची पाठ अशी समोर असली ना, तर घालणाऱ्याचा डावा खांदा माझ्या उजव्या हाताला येतो. म्हणून मी..."

"म्हणून तू मला उलटा पसरलास!" मास्तरांना खांदे हलवायची आता मोकळीक होती, ते गदगदून हसले. "अगं, मी काय कापडाचा तागा आहे? माणूस सुलटा असतो! डॉक्टर, सकाळी मी उलटा आणि संध्याकाळी सुलटा. बाही तेवढी लावायची राहिली!"

लेक भिंतीला टेकून हसत होती. डॉक्टरीणबाईंनाही हसू आवरेना. "म्हणजे दोन्ही खांद्यांना दोन्ही मिळालं," त्या म्हणाल्या. "निकाल रद्द. हे पुरळ त्या मलमाचं, काका. वर्षानुवर्षं लावून अंगाला ते नकोसं झालं असेल. ट्यूब आता फेकून द्या. जेली लावत राहा, पुरळ ओसरेल."

काकू हसल्या नाहीत. पदरानं त्या बोट पुसत राहिल्या. बोटाला काही लागलेलं नव्हतं.

लेक कामावर गेली आणि ती दोघं दुकानाकडे निघाली. मास्तर खुशीत होते. गल्लीत शिरेपर्यंत वाटेत भेटलेल्या दोघांना त्यांचा तो किस्सा सांगून झाला होता. शटर काकूंनी उचललं. आत टेबलावर न बेतलेल्या कापडांचा ढीग होता. मास्तर आपल्या मशीनवरून हात फिरवत म्हणाले, "बरोबरी झाली की कसं असतं, डाव आहे तसा पुढे चालू. हो की नाही?"

काकूंनी ढिगातलं वरचं कापड घेतलं, टेबलावर पसरलं आणि त्यावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

"काय गं?"

"सगळे हसलात तुम्ही."

"अगं, गंमतच झाली ना ती."

"तुमची झाली." त्या कापडाकडेच बघत होत्या. "अहो, रस्त्यावर मला कधी डाव्या-उजव्याचा घोळ होतो का? कुणी पत्ता विचारला तर मी चुकते का? रोज सकाळी तुमची पाठ माझ्यासमोर होती. उघडी. त्या पाठीवरचा तीळन्‌तीळ मला ठाऊक आहे. आणि मला ती दिसलीच नाही हो. मला बेतायचं कापड दिसलं. ही बाजू करा, ती बाजू करा, मोकळे व्हा."

मास्तरांनी मशीनवरचा हात काढला.

"तुम्ही काय काय बोलत होतात त्या वेळी, मी ‘हो हो’ म्हणत होते. एक शब्द आठवत नाही मला. विचारून बघा."

"मी सांगत होतो की..." मास्तर म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "राहू दे. असंच काहीतरी."

घड्याळवाल्याकडून ठोक्यांची तपासणी चालल्याचे आवाज येत होते. एक घड्याळ सरलं की दुसरं.

"दमली असशील," मास्तर म्हणाले.

"असशील नाही. दमलेय. तुमच्या खांद्यांवर पैज लावण्याइतकी दमलेय. शहाण्या बाईनं लावावी का अशी पैज?"

"कधीपासून?"

"आता ते कुठून मोजायचं?" काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मास्तर मशीनपाशी उभे राहून टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिले आणि सोडत राहिले.

तेवढ्यात दारात एक बाई आली. दोन मुलांची आई; दर वर्षी गणवेश इथेच शिवून घेणारी. काखेत निळ्या कापडाचं पुडकं. "अरे वा, मास्तर आले! मी दोनदा येऊन परत गेले. हे घ्या, दोघांचं आहे. मुलांना संध्याकाळी मापाला आणते. थोरला असा वाढलाय म्हणून सांगू!"

तिनं पुडकं पुढे केलं. मास्तरांचे हात सवयीनं पुढे झाले आणि पुडक्यापाशी येऊन थांबले.

"नवीन कापड घेत नाही आता," ते म्हणाले.

बाई हसली. "चला! तुमची गंमत कळत नाही वाटतं मला?"

"गंमत नाही. आत पडलंय तेवढं पुरं करून देतो. पुढे नाही." मग घसा साफ करून म्हणाले, "पुलापलीकडे तो नवीन टेलर बसतो ना, त्याच्याकडे जा. कॉलर बरी लावतो."

त्या टेलरच्या कॉलरीला मास्तर आजवर ‘कुत्र्याचे कान’ म्हणत आले होते. गिऱ्हाइकाला त्यांनी ‘नाही’ म्हटलेलं काकूंनी या दुकानात कधी ऐकलं नव्हतं. बाईनं काकूंकडे पाहिलं. "काकू, तुम्ही तरी सांगा ना यांना."

हा क्षण काकूंनी मनात पुष्कळदा रंगवला होता. आपल्याला हलकं वाटेल, असं त्यांना वाटे. हलकं काही वाटलं नाही. उलट इतका वेळ दाबून धरलेली कळ पावलांतून गुडघ्यांपर्यंत एकदम चढली, जणू तिला आता कुणाची आडकाठी उरली नव्हती. बाईला त्या एवढंच म्हणाल्या, "ऐका त्यांचं." मग मास्तरांचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसल्या.

बाई पुटपुटत गेली. मास्तर टेबलाच्या पलीकडे, काकूंच्या जागी गेले. खडू शोधायला त्यांना वेळ लागला.

"कात्री आज उचलू नका," काकू म्हणाल्या. "नुसतं आखा."

मास्तरांनी कापडाची घडी मोडली, हातानं सुरकुत्या काढल्या, आणि बाहीच्या मुंढ्याची गोलाई आखायला घेतली. किती वर्षांनी हातात खडू धरला होता. रेघ वाकडी गेली आणि मुंढा फारच उथळ आला. घालणाऱ्याला हात वर करता आला नसता. काकूंचे हात मांडीवरून उठले. मग त्यांनी ते पुन्हा मांडीवर ठेवले.

"खोल घ्या थोडा," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या.

"एवढा?"

"अजून."

मास्तर वाकले.